वडिलांचा कंपवात आणि श्टुटगार्टची नोकरी: निघण्यापूर्वी काय ठरवून ठेवावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय ४२ असून गेली १६ वर्षे मी पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनचे काम करतो. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे आणि होकार किंवा नकार कळवायला माझ्याकडे पाच आठवडे आहेत. पत्नीची तयारी आहे, मुलगी सातवीत आहे. आई-वडील सांगलीला गावभागातल्या आमच्या जुन्या घरी राहतात. बहीण मिरजेला दिलेली आहे, त्यामुळे जवळ कोणीच नाही असे नाही.

वडील ७७ वर्षांचे असून माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. लेव्होडोपाची गोळी सकाळी सहापासून दिवसातून पाच वेळा द्यावी लागते. तिचा अंमल उतरत आला की पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात आणि माजघराच्या उंबऱ्याशी ते दोन-दोन मिनिटे थबकून राहतात. उंबऱ्याअलीकडे फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यापासून पट्टी ओलांडायची म्हणून पाऊल उचलले जाते, पण न्हाणीघर परसात आहे आणि तिथवर जाताना दिवाळीपासून ते दोनदा पडले. आई ७१ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे आणि गुडघ्यांमुळे ती त्यांना उचलू शकत नाही. दुसऱ्यांदा पडले तेव्हा शेजारचा मुलगा येईपर्यंत ती त्यांच्याशेजारी फरशीवरच बसून राहिली, हे मला तीन दिवसांनी कळले.

आजाराने अक्षरही बारीक होत जाते हे मला ठाऊक नव्हते. गेल्या महिन्यात वडिलांचा धनादेश 'सही जुळत नाही' असा शेरा मारून परत आला. ज्या माणसाचे फळ्यावरचे अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येई, त्याची सही आता मुंगीएवढी झाली आहे. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुण्यात राहिलो म्हणजे मी जवळ असतो, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीत शिरणारे रस्ते पाण्याखाली होते. सव्वादोनशे किलोमीटरवर असूनही मी पाच दिवस घरी पोहोचू शकलो नाही आणि आई-वडिलांना शेजाऱ्यांच्या माडीवर राहावे लागले. तरीही पुणे आणि जर्मनी यांतले अंतर मी स्वतःला सोयीचे करून सांगतो आहे की काय, अशी शंका मला येते.

वडील 'जा' म्हणतात. आई त्या विषयावर बोलत नाही. आई-वडिलांना पुढे तिकडे नेणे खरोखर शक्य असते का, आणि निघण्यापूर्वी कोणती व्यवस्था व कोणते कागद करून ठेवायला हवेत, हे अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे. 'जावे की जाऊ नये' याचे उत्तर मी कोणाकडे मागत नाही.

नेकारकाठ

मी मूळचा कराडचा असून ११ वर्षांपासून तुमच्या होऊ घातलेल्या शहराच्या परिसरातच राहतो. आई-वडिलांना पुढे तिकडे नेऊ, ही आशा धरून होकार देऊ नका.

१ मार्च २०२४ पासून किंवा त्यानंतर पहिला निवासपरवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना आणण्याची मुभा जर्मनीने दिली आहे, त्यामुळे कागदावर तुम्ही त्यात बसता. परंतु त्यांच्या चरितार्थाची आणि पुरेशा आरोग्यविम्याची हमी तुम्हाला द्यावी लागते, आणि घोडे अडते ते विम्यापाशी. तुमच्या सरकारी आरोग्यविम्यात पत्नी आणि मुलगी वेगळा हप्ता न भरता येऊ शकतात, आई-वडील येत नाहीत. खासगी कंपन्या ७७ वर्षांच्या कंपवाताच्या रुग्णाला कोणत्या अटींवर आणि किती हप्त्यात विमा देतील, किंवा देतील तरी का, हे होकार कळवण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. उरतो पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा, त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. त्यासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा काढावा लागतो, मात्र जुन्या आजाराचा नेहमीचा खर्च त्यातून बहुधा वगळलेला असतो.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा मिळते, बऱ्याच कंपन्या ३० पर्यंत देतात. त्यावर बिनपगारी रजेची तरतूद करारात लिहून घ्या, कारण सहीपूर्वी जे सहज मिळते तेच नंतर मागायला गेले की उपकार ठरते. दुसरे म्हणजे, ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवासपरवाना, असलेल्याला सलग १२ महिन्यांपर्यंत जर्मनीबाहेर राहिले तरी निवासाचा हक्क गमवावा लागत नाही. नोकरी टिकेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण वेळ आलीच तर काही महिने सांगलीला राहण्याची दारे बंद होत नाहीत. वेळेतला फरकही अमेरिकेसारखा जीवघेणा नाही. सांगलीत रात्रीचे दोन वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात, म्हणजे मध्यरात्रीचा फोन तुम्ही जागेपणी घेता.

एवढे असूनही मी कमी पडलो, ते कुठे, हेही सांगतो. चार वर्षांपूर्वी जानेवारीत वडिलांना अर्धांगाचा मोठा झटका आला. घराच्या दारातून निघून कराडच्या रुग्णालयाच्या दारात पोहोचायला मला ३१ तास लागले. विमान नऊ तासांच्या आतबाहेरचे असते. बाकीचे तास तिकीट, आगगाडी, मुंबईतली रांग आणि घाटातली वाहतूक खाते. मधल्या वेळात डॉक्टरांनी विचारले की कृत्रिम श्वासावर ठेवायचे का, आणि त्याचे उत्तर माझ्या आतेभावाला द्यावे लागले. त्याने 'ठेवा' म्हटले. वडील त्यानंतर २३ दिवस शुद्धीवर न येता होते. आतेभाऊ आजही माझ्याशी त्या विषयावर डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकत नाही, आणि चूक त्याची मुळीच नव्हती. अशा वेळी वडिलांना काय हवे असेल हे आमच्या घरात कोणी त्यांना विचारलेच नव्हते, मीही विचारले नव्हते. तुमच्या वडिलांची बुद्धी शाबूत आहे तोवर हे विचारून घ्या.

धाकटी

'बहीण मिरजेला दिलेली आहे, त्यामुळे जवळ कोणीच नाही असे नाही.' एवढा मोठा प्रश्न लिहिताना बहिणीच्या वाट्याला तुम्ही हे एकच वाक्य दिले आहे. ती काय करते, तिच्या घरी कोण आजारी आहे, तिला हे झेपणार आहे का, यांतले काहीच त्यात नाही. उंबऱ्यापाशी चिकटपट्ट्या कोणी लावल्या, हेही तुम्ही लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की त्या तिनेच लावल्या असतील.

मी नाशिकची. माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत आहे आणि आईला आठ वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. भावाने पैसे कधी कमी पडू दिले नाहीत, हे आधी सांगते, कारण त्याच्यावर अन्याय करायचा नाही. तो रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल करतो आणि आईही त्या वेळी नेमकी टवटवीत असते. घरी कोणी पाहुणे आले की म्हातारी माणसे सावरून बसतात तशी. त्यामुळे गेली आठ वर्षे आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळ्या आया आहेत, आणि आमची जी काही भांडणे झाली ती बहुतेक त्यातूनच झाली.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तो तीन आठवड्यांसाठी आला. ब्यूरोतून आलेल्या मावशी दुपारी आईला टीव्हीसमोर बसवून तासभर फोनवर बोलतात हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने त्यांना तिथल्या तिथे काढून टाकले. मलाही ते दिसत होते, पण याच मावशी आईला आंघोळीसाठी ओरडा न होता तयार करू शकत होत्या. त्याआधीच्या चौघींना ते जमले नव्हते. चार जानेवारीला भाऊ विमानात बसला आणि नवी बाई मिळून ती आईच्या अंगवळणी पडेपर्यंत माझी १९ दिवसांची रजा संपली. त्याच्या मते त्याने आईसाठी एक ठाम निर्णय घेतला होता.

म्हणून सुचवते ते असे. मिरजेला जाऊन बहिणीशी बोला. फोनवर नको, आणि तिच्या सासरच्या माणसांसमोरही नको, कारण तिथे ती 'माझं काय, करीन मी' असेच म्हणेल. तिला काय करता येईल याऐवजी काय करता येणार नाही ते विचारा. रोजचे निर्णय, म्हणजे कोणती बाई ठेवायची, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचे, घरी ठेवायचे की भरती करायचे, हे जो तिथे आहे त्याचेच राहतील आणि लांबून त्यावर फेरविचार होणार नाही, हे दोघांनी आधीच ठरवून टाका. आणि वर्षातून किमान तीन आठवडे तुम्ही सांगलीच्या घरात एकट्याने राहा, तिच्याशिवाय. त्या दिवसांत ती फोनवरही उपलब्ध नसावी. पाहुणा म्हणून येणाऱ्या भावाने आमच्या कामात भरच पडते, त्याचीही पोळी लाटावी लागते.

आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. तिची नोकरी असेल तर आई-वडिलांसाठी ती ज्या बिनपगारी रजा घेईल त्यांचे पैसे घरखर्चाच्या हिशेबात धरा. 'बहिणीला पैसे कसे द्यायचे' असे म्हणून ते टाळले जाते आणि ब्यूरोला मात्र आगाऊ दिले जातात.

निवृत्त शाखाधिकारी

३४ वर्षे बँकेत काढल्यामुळे मी फक्त कागदांविषयी लिहितो. धाकटी यांनी लिहिलेले अधिक महत्त्वाचे आहे, पण कागद नसले की तेही अडते.

पहिला मुद्दा सहीचा. सही जुळत नाही म्हणून धनादेश परत करून गप्प बसणे हे काही त्या शाखेचे कौतुकास्पद काम नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी वा अपंग खातेदाराला अंगठ्याचा ठसा देता येतो. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळख पटवावी लागते आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. तोवर वडिलांनी शाखेत जाऊन आजच्या सहीचा नवा नमुना द्यावा आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा. गोळीचा अंमल चांगला असतो त्या तासाला न्या, सकाळी दहाला रांगेत उभे करू नका. ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच बँकसेवा देण्याबाबतही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सर्व बँकांना सांगितलेले आहे. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, एवढेच.

निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. जीवन प्रमाण योजनेत तो आता चेहरा ओळखून मोबाईलवरही देता येतो. कंपवातात चेहऱ्याचे हावभाव कमी होतात आणि पापण्या कमी लवतात, त्यामुळे एखाद्या वेळी यंत्रणा अडते. तेव्हा महिना संपायची वाट न पाहता पहिल्या आठवड्यातच हे काम उरकावे.

दुसरा मुद्दा मुखत्यारपत्राचा, आणि त्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज आहे. वडिलांनी आज तुमच्या किंवा बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले तरी उद्या त्यांची समज गेली तर आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे ते संपुष्टात येते. ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. काही देशांत चालणारे टिकाऊ मुखत्यारपत्र आपल्याकडे नाही. रुग्ण बेशुद्धावस्थेत गेला तर नातेवाइकांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागल्याची उदाहरणे आहेत. म्हणून मुखत्यारपत्रावर विसंबण्याऐवजी खाती संयुक्त करा आणि 'खातेदारांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' ही पद्धत ठेवा. आई-वडिलांच्या खात्यात तिसरे नाव बहिणीचे असावे असे माझे मत आहे. ती मिरजेतून वीस मिनिटांत शाखेत पोहोचते, तुम्ही पोहोचत नाही. मुदत ठेवींची आणि लॉकरची नामनिर्देशने तपासा, आणि नामनिर्देशन केले म्हणजे मालकी ठरली असे समजू नका. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करावे. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.

तिसरा मुद्दा नेकारकाठ यांनी सांगितलेल्या प्रसंगाचा. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नकोत, अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. तेव्हाची प्रक्रिया फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी करण्यात आली आणि आता दोन साक्षीदारांसमोर केलेला कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केला तरी चालतो. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावेही त्यात लिहिता येतात.

तुमच्या स्वतःसाठी एक सूचना: तुम्ही अनिवासी झालात की तुमचे इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. वडिलोपार्जित शेती असेल तर ती वारसाने तुमच्याकडे येऊ शकते, परंतु अनिवासी असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.

रात्रपाळी

मी कोल्हापुरात १८ वर्षे परिचारिका म्हणून काम करते. सर्वांनी चांगले लिहिले आहे. मी फक्त रुग्ण भरती होतो त्या रात्रीविषयी लिहिते, कारण त्या रात्री तुम्ही तिथे नसाल आणि बहीणही पहिला तासभर कदाचित नसेल.

वडिलांच्या फाइलमध्ये सर्वांत वर एकच पान ठेवा आणि ते मराठीत व इंग्रजीत दोन्ही भाषांत ठळक लिहा. कंपवात आहे, गोळ्या कोणत्या आणि नेमक्या किती वाजता, गोळी चुकवायची नाही. रुग्णालयात औषधे वाटण्याच्या आमच्या वेळा ठरलेल्या असतात आणि कंपवाताची गोळी त्या वेळापत्रकात बसत नाही. तासभर उशीर झाला तरी माणूस लाकडासारखा आखडतो, आणि नातेवाइकांना वाटते की भरती केल्यावरच आजार वाढला. त्याच पानावर मेटोक्लोप्रामाइड आणि हॅलोपेरिडॉल ही दोन नावे लाल शाईने लिहा आणि 'हे देऊ नये' असे त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून सहीसह लिहून घ्या. पहिले औषध उलटी थांबवण्यासाठी अगदी सर्रास दिले जाते, दुसरे रात्री रुग्ण बडबडू लागला की दिले जाते, आणि कंपवातात दोन्हींनी त्रास वाढतो. पानाखाली तीन फोन क्रमांक हवेत आणि पहिला जवळ राहणाऱ्याचा हवा. रात्री अडीचला जर्मनीतल्या क्रमांकावर फोन लावत बसायला आम्हाला वेळ नसतो.

खर्चाविषयी एवढेच की ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि तुमचे आई-वडील दोघेही त्यात बसतात. ते कार्ड काढून घ्या, जवळची कोणती रुग्णालये योजनेत आहेत ते आधी पाहा. परंतु ते भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. घरचा ब्रदर, व्यायामासाठी येणारे फिजिओ आणि डायपर यांचे पैसे कोणताही मेडिक्लेम सहसा देत नाही, आणि वर्षानुवर्षे जातात ते पैसे हेच.

न्हाणीघर परसात ठेवू नका. जर्मनीचे तिकीट काढण्याआधी गवंडी बोलवा.

उत्तरायण

माझे वय ७४ आहे. तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात, म्हणून थोडे स्पष्ट लिहिले तर राग मानू नये.

माझा मुलगा टोरांटोजवळ असतो. यजमान गेल्यावर त्याने मला सुपर व्हिसावर नेले. तो व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा असतो, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा काढावा लागतो. मुलाने आणि सुनेने काही म्हणजे काही कमी केले नाही. तरी मी सात महिन्यांत परत आले. तिथे माझी कुठलीच गोष्ट माझ्या हातात राहिली नव्हती: दाराचा आकडा लक्षात राहत नसे, बसने एकटी जाता येत नसे, दाढ दुखली तर मुलाने कामावरून सुट्टी काढायची. इथे माझे रक्तदाब बघणारे डॉक्टर कोपऱ्यावर आहेत आणि ते मला नावाने ओळखतात.

आता मी पुण्यात ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहते. तुमच्या आई-वडिलांना इकडे आणावे असे तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, तेव्हा सावध करते. अशा बऱ्याच ठिकाणी आपले आपण हिंडता-फिरता येणाऱ्या माणसांनाच घर देतात. पुढे अंथरुणाला खिळल्यावर काय, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. पाहायला गेलात तर तोच प्रश्न आधी विचारा. ७७ व्या वर्षी, कंपवात असताना, ज्या घरातली प्रत्येक भिंत हाताला माहीत आहे ते घर सोडणे सोपे नाही. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी मात्र जरूर संपर्क करा. रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकमेकांशी बोलायला मिळते ही लहान गोष्ट नव्हे, आणि तुमच्या आईला त्याची वडिलांपेक्षा जास्त गरज असेल.

वडील 'जा' म्हणतात म्हणून हायसे वाटून घेऊ नका. मीही तसेच म्हटले होते आणि ते खरेच होते. पण मला 'जाऊ का' एवढेच विचारले गेले होते, त्यामुळे दुसरे काही सांगायला जागा नव्हती. तू गेल्यावर मंगळवारचे काय, असे कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. आईशी आणि वडिलांशी वेगवेगळे बोला. नवऱ्यासमोर त्या माउली बोलणार नाहीत.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मधले दोन्ही शनिवार-रविवार मी सांगली-मिरजेत होतो.

धाकटी, चिकटपट्ट्या बहिणीनेच लावल्या होत्या. तिच्याकडे शाळेच्या हजेरीचे एक जुने कॅटलॉग आहे. त्यात मुलांच्या नावांच्या जागी तिने वडिलांच्या पाच गोळ्यांच्या वेळा लिहिल्या आहेत आणि पुढच्या चौकोनांत दोन वर्षांच्या खुणा आहेत: गोळी वेळेवर, उशिरा, पडले, जेवले नाहीत. ती आठवड्यातून तीनदा शाळा सुटल्यावर सांगलीला येते हे मला ठाऊक होते. तिच्या सासूबाईंचे वर्षभरापासून डायलिसिस चालू आहे हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. काय जमणार नाही असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "रात्री." रात्रीचा माणूस ब्यूरोतून ठेवायचा आणि तो निवडायचाही तिने, असे ठरले. त्याखेरीज तिने मे महिन्यातले २१ दिवस मागितले आहेत. रजेच्या पैशांचा विषय काढला तेव्हा ती रागावली, म्हणून तो सध्या मेहुण्यांच्या कानावर घालून ठेवला आहे.

वडिलांशी एकटा बोललो. कृत्रिम श्वासाविषयी त्यांना आधीच वाचून माहीत होते. मी विचारण्याची ते वाट पाहत होते असे वाटले. त्यांनी मसुदा स्वतः सांगितला, मी लिहून घेतला, आणि वाक्यरचना त्यांनी दोनदा सुधारली. सहीचा नवा नमुना बँकेत दिला आहे. फाइलचे पहिले पान तयार आहे, डॉक्टरांची सही पुढच्या भेटीत मिळेल.

आई स्वयंपाकघरात बोलली. मी जाण्याबद्दल ती काहीच म्हणाली नाही. ती म्हणाली की गेली पंधरा वर्षे न्हाणीघर आत घ्या म्हणून मी सांगते आहे, आणि ते आता एका कोल्हापूरच्या बाईंनी लिहिले म्हणून तुला पटले.

कंपनीला मी रुजू होण्याची तारीख तीन महिने पुढे नेता येईल का आणि वर्षाला चार आठवड्यांची बिनपगारी रजा करारात घालता येईल का, असे लेखी विचारले आहे. उत्तर यायचे आहे. नाही म्हणाले तर काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

गवंडी बुधवारी येणार आहे. माजघरालगतची कोठीची खोली मोडून तिथे कमोड आणि आंघोळीची जागा करायची आहे. रात्रपाळी, तुम्हाला एक विचारायचे राहिले: वडिलांची उजवी बाजू जास्त आखडते आणि उठताना ते डाव्या हाताने आधार शोधतात, तर कमोडशेजारची स्टीलची दांडी डावीकडेच बसवावी, की पुढे डावी बाजूही आखडेल असे धरून आत्ताच दोन्हीकडे बसवून घ्यावी?